जनावराच्या पापणीवरील कर्करोग : शस्त्रक्रिया आणि प्रकाशोपचार



जनावरांचा कर्करोग म्हटला की आपल्याला शिंगाचा कर्करोग आठवतो. बैलाचे शिंग एका बाजूला झुकते, मुळाशी मऊ लागते, त्याच बाजूच्या नाकपुडीतून रक्त येते. ही लक्षणे जुन्या जाणत्यांना पाठ असतात. पापणीच्या कर्करोगाविषयी मात्र गोठ्यात फारसे बोलणे होत नाही. आपल्या बहुतेक देशी गाई-बैलांच्या व म्हशींच्या पापण्या काळ्या असतात. काळा रंग उन्हातील अतिनील किरणांपासून कातडीचे रक्षण करतो, त्यामुळे या जनावरांत हा रोग कमी दिसतो. आता गोठ्यात होल्स्टीन संकरित गाई आल्या आहेत. त्यांतील काहींच्या डोळ्याभोवती पांढरे केस व खाली गुलाबी कातडी असते. अशी गाय वर्षानुवर्षे उघड्यावर उन्हात बांधली, तर धोका वाढतो. रोग बहुधा वयस्क जनावरात होतो. कालवडीत तो क्वचितच आढळतो.

सुरुवात अगदी साधी असते. एका डोळ्यातून पाणी गळते. खालच्या पापणीच्या कडेवर, डोळ्याच्या आतल्या कोपऱ्यातील तिसऱ्या पापणीवर किंवा बुबुळाच्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा पांढुरका, खरबरीत ठिपका दिसतो. कधी तो चामखिळीसारखा असतो, तर कधी नुसती खपली धरते आणि ती पडली की रक्त येते. असे काही ठिपके आपोआप जिरतातही. पण ठिपका जिरणारा की वाढणारा, हे नुसत्या नजरेने आपल्याला ठरवता येत नाही. डोळ्यात कुसळ गेले असेल, माशी बसली असेल, असे म्हणून आपण आठ-पंधरा दिवस घालवतो. पाणी गळणे आठवड्यात थांबले नाही, तर पापणी उलटून पाहावी आणि पशुवैद्यकांना दाखवावे.

येथे एक गोष्ट स्पष्ट सांगतो. पापणीवरील गाठीला बिब्बा लावणे, चुना किंवा मोरचूद भरणे, तापल्या सळईने डागणे हे प्रकार करू नयेत. वरचा भाग जळतो आणि गाठ गेल्यासारखी वाटते, पण तिची मुळे आत वाढत राहतात. शिवाय बुबुळ भाजून डोळा जातो तो वेगळाच. अशी डागलेली गाय दवाखान्यात येते तेव्हा गाठ कोठे संपते आणि जखमेचा वण कोठे सुरू होतो, हेच कळत नाही.

मूळ उपचार शस्त्रक्रियेचाच. गाय खोड्यात घेऊन, भूल देऊन गाठ कापून काढतात व तिचा तुकडा तपासणीसाठी प्रयोगशाळेत पाठवतात. कर्करोगाची गाठ काढताना भोवतालची थोडी निरोगी कातडीही काढावी लागते, कारण डोळ्यांना न दिसणाऱ्या पेशी कडेला पसरलेल्या असतात. पाठीवर किंवा मांडीवर हे सोपे आहे. पापणी हे डोळ्याचे झाकण आहे. तिच्या लांबीचा साधारण एक तृतीयांश भाग गेला तरी टाके घालून ती नीट मिटते. त्याहून जास्त गेला, तर सरळ टाक्यांनी काम भागत नाही. दुसरीकडची कातडी सरकवून झाकण करावे लागते आणि ते नीट मिटले नाही, तर बुबुळ कोरडे पडून फुटण्याची भीती राहते. म्हणजे कमी कापावे तर रोग उरतो, जास्त कापावे तर डोळा उघडा पडतो. या पेचातून वाट काढण्यासाठी प्रकाशोपचार आला.

तो समजायला तुमच्या बांधावरची घाणेरी पुरेशी आहे. दुष्काळात जनावर घाणेरी किंवा टणटणी खाते, त्याचे यकृत बिघडते आणि हिरव्या चाऱ्यातून तयार होणारे एक रंगद्रव्य शरीराबाहेर न जाता रक्तात साठते. मग जनावर उन्हात गेले की पांढऱ्या भागाची कातडी भाजते, फाटते, सोलते. काळी कातडी मात्र शाबूत राहते. तेच जनावर अंधाऱ्या गोठ्यात ठेवले, तर कातडीचे हाल वाचतात. म्हणजे एकटे रंगद्रव्य जाळत नाही आणि एकटे ऊनही जाळत नाही. दोन्ही एकत्र आले, की पेशी मरतात. हीच गोष्ट जर्मनीत म्युनिक येथे ऑस्कर राब या विद्यार्थ्याला सूक्ष्मजीवांवर रंगाचा प्रयोग करताना दिसली आणि ती १९०० साली प्रसिद्ध झाली. त्याचे गुरू टापायनर यांनी पुढे १९०३ मध्ये इओसीन हा रंग आणि प्रकाश वापरून माणसाच्या कातडीवरील गाठींवर उपचार करून पाहिले.

आजच्या पद्धतीत आधी गाठ कापून काढतात. मग उरलेल्या जखमेत प्रकाशाने जागे होणारे औषध टोचतात आणि त्यावर ठरावीक तांबडा प्रकाश काही मिनिटे पाडतात. औषध जागे होऊन प्राणवायूचे दाहक रूप तयार करते. त्याने मागे राहिलेल्या पेशी व त्यांना पोसणाऱ्या बारीक रक्तवाहिन्या मरतात. अमेरिकेतील मिसुरी विद्यापीठाच्या पशुनेत्रतज्ज्ञांनी घोड्यांच्या डोळ्याभोवतीच्या कर्करोगात व्हर्टेपोर्फिन हे औषध अशा तऱ्हेने वापरून २००८ मध्ये आपले प्राथमिक निष्कर्ष प्रसिद्ध केले. औषध शिरेतून न देता जागेवरच टोचल्याने सगळ्या अंगाला उन्हाची बाधा होण्याची भीती कमी होते. पण या उपचाराची मर्यादाही ध्यानात घ्या. प्रकाश मांसात काही मिलिमीटरच शिरतो. लिंबाएवढ्या गाठीवर नुसता प्रकाश पाडून काही साधत नाही.

ही साधने महाग आहेत, तालुक्याच्या दवाखान्यात ती मिळणार नाहीत. म्हणून निराश होण्याचे कारण नाही. कृत्रिम रेतनाच्या रेतमात्रा ज्या द्रव नत्रात ठेवतात, तो उणे १९६ अंश सेल्सिअस इतका थंड असतो. लहान गाठ असेल, किंवा गाठ काढल्यावर तिची जागा साफ करायची असेल, तर त्याच द्रव नत्राने ती जागा उणे २५ अंशांपर्यंत गोठवतात, वितळू देतात आणि पुन्हा गोठवतात. गोठवताना बुबुळाला झाकण लावावे लागते, म्हणून हे काम पशुवैद्यकांनीच करावयाचे. गाईच्या बाबतीत, गाठ सुमारे अडीच सेंटिमीटरपेक्षा लहान असेल, तर मला हा उपाय प्रकाशोपचारापेक्षा अधिक व्यवहार्य वाटतो.

दवाखान्यात नेण्यापूर्वी गाईच्या कानाच्या मुळाखाली, जबड्याच्या सांध्याजवळ हाताने चाचपून पाहा. तेथे एका बाजूला टणक गाठ लागली, तर ते पशुवैद्यकांना अवश्य सांगा. पापणीचा कर्करोग पसरतो तो बहुधा प्रथम तेथील लसिका ग्रंथीत.

शस्त्रक्रियेनंतर दहा ते चौदा दिवस टाके राहतात. तोवर गाय सावलीत बांधावी, डोळा खांबाला घासू देऊ नये, माशांचा बंदोबस्त करावा. जखमेत अळ्या पडल्या की टाके उसवतात. दिलेल्या प्रतिजैविकाचा अंश दुधात किती दिवस उतरतो ते विचारून घ्यावे आणि तेवढे दिवस दूध डेअरीला घालू नये. नंतर वर्षभर दर महिन्याला दोन्ही डोळे उजेडात पाहावेत, कारण गाठ पुन्हा येऊ शकते आणि दुसऱ्या डोळ्यातही होऊ शकते. गुलाबी पापण्यांच्या गाईंना सकाळी दहा ते दुपारी चार या वेळेत झाडाखाली किंवा छपराखाली ठेवावे. पैदाशीसाठी कालवड राखताना डोळ्याभोवती काळी कातडी असलेली निवडावी.

गाठ बुबुळात शिरली असेल, तर डोळाच काढावा लागतो. पुष्कळ पशुपालक त्या वेळी गाय विकायला निघतात. तसे करण्याची घाई नको. रोग ग्रंथीपर्यंत गेलेला नसेल, तर एका डोळ्याची गाय नीट चरते, गाभण राहते, दूधही देते. तिला दावणीच्या टोकाला, आंधळी बाजू भिंतीकडे करून बांधावे आणि जवळ जाताना आधी हाक मारावी.