औषध विषाणूवर, परिणाम हृदयावर

(परभणी येथे दिलेल्या व्याख्यानाचा संपादित अंश)



मी वैद्य नव्हे, पत्रकार आहे. तरीही आज औषधांविषयी बोलणार आहे. कारण २०२० साली औषधांची नावे दवाखान्यातून नव्हे, बातम्यांतून घरोघरी पोहोचली. त्या दायित्वातून आम्हा पत्रकारांची सुटका नाही.

आपणांस हायड्रॉक्सिक्लोरोक्विन आठवत असेल. गोळी मूळची हिवतापावरची. पण कोरोना विषाणूला ती रोखेल, अशी आशा निर्माण झाली. मार्च २०२०मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने आरोग्य कर्मचारी व रुग्णांचे निकटवर्तीय यांच्यासाठी ती सुचविली. लोक ती परस्पर विकत घेऊ लागतील, हे ओळखून केंद्र सरकारने त्याच महिन्यात तिच्या विक्रीस डॉक्टरांच्या चिठ्ठीचे कडक बंधन घातले. एप्रिलमध्ये मुंबई महापालिकेने धारावीतील रहिवाशांना ती देण्याचा विचार केला आणि नंतर बाजूला ठेवला.

मग भीती कशाची होती? हृदयाचा प्रत्येक ठोका विजेच्या सूक्ष्म लहरीने पडतो. त्यानंतर हृदयपेशींतून पोटॅशियम बाहेर जाते व पेशी पुढच्या ठोक्यास सज्ज होतात. ठोक्याच्या लहरीच्या आरंभापासून या सज्जतेपर्यंतच्या काळास ईसीजीत 'क्यूटी' म्हणतात. ही गोळी पोटॅशियमची वाट अडवते आणि तो काळ लांबतो. तो ५०० मिलिसेकंदांपुढे गेल्यास डॉक्टर सावध होतात; कारण तेव्हा हृदयाची लय एकाएकी बिघडून भोवळ येऊ शकते, क्वचित प्राणही जाऊ शकतो. सोबत दिले जाणारे ॲझिथ्रोमायसिनही याच दिशेने काम करते. एचआयव्हीवरील लोपिनाविर-रिटोनाविर या जोडीबाबतही असाच इशारा आहे. एप्रिल २०२१मध्ये ज्यासाठी महाराष्ट्रभर रांगा लागल्या, त्या रेमडेसिविरने काही रुग्णांच्या हृदयाचे ठोके मंदावतात. बहुधा औषध थांबविल्यावर ते पूर्ववत होतात.

परिषदेने मे २०२०च्या सुधारित सूचनेत हृदयाच्या लयीचा विकार असणाऱ्यांना ती गोळी वर्ज्य ठरविली आणि ईसीजीचा उल्लेख केला. जून-जुलैमध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आपल्या चाचणीतून हायड्रॉक्सिक्लोरोक्विन व लोपिनाविर ही दोन्ही औषधे वगळली. रुग्णालयातील रुग्णांचे मृत्यू त्यांनी कमी होत नव्हते. जिथे लाभच नाही, तिथे लहानसा धोकाही कशासाठी पत्करायचा?

याचा अर्थ औषध वाईट, असा मात्र नव्हे. संधिवाताचे अनेक रुग्ण हीच गोळी वैद्यकीय देखरेखीखाली वर्षानुवर्षे घेतात. त्यांनी हे ऐकून ती मनाने बंद करू नये. मनाने घेणे जितके अयोग्य, तितकेच मनाने सोडणेही.

आपल्या परभणीचा उन्हाळा आपण जाणतो. जुलाब-वांत्या झाल्या, किंवा रक्तदाबासाठी लघवी वाढविणारी गोळी चालू असली, तर शरीरातील पोटॅशियम घटते आणि हा धोका वाढतो. म्हणून वस्तीत आरोग्याचे काम करणाऱ्या कार्यकर्त्यांना आणि घरातील वडीलधाऱ्यांना माझी विनंती आहे. विषाणूवरील कोणतेही नवे औषध सुरू होताना चालू असलेल्या सर्व गोळ्या डॉक्टरांपुढे ठेवा. पूर्वी भोवळ आली असेल, घरात कुणी तरुणपणी अकस्मात गेले असेल, तर ते सांगा. 'ईसीजी काढायला हवा का?' हे विचारायला संकोचू नका.

पुढची साथ केव्हा येईल, हे आपल्या हाती नाही. त्या वेळी ऐकीव नावावर विसंबून गोळी घ्यायची की नाही, हे मात्र आपल्याच हाती आहे.