बंद राहिलेल्या मोटारीचें निदान

जालना जिल्ह्याच्या परतूर तालुक्यांतील आष्टीसारख्या गांवीं एखाद्या जुन्या वाड्याच्या पडवींत वर्षानुवर्षें झांकून ठेवलेली मोटार असली, तर तिच्याविषयीं हमखास दोन मतें ऐकूं येतात. एक मत असें, कीं यंत्र मेलें आहे, आतां तें भंगारांत घालावें. दुसरें असें, कीं चार गडी लावून धक्का मारला तर गाडी आतांच्या आतां सुरू होईल. हीं दोन्ही मतें सारखींच घातक आहेत. पहिल्या मताप्रमाणें वागल्यास गाडीला जालन्याची वाट दूर नाहीं. कारण जुनें लोखंड वितळवून त्याच्या सळया करणाऱ्या भट्ट्यांसाठीं तें शहर प्रसिद्ध आहे, आणि भट्टींत गेलेली गाडी परत येत नसते. दुसऱ्या मताप्रमाणें वागल्यास जें यंत्र इतकीं वर्षें नुसतें निजलेलें होतें, तें दहा मिनिटांच्या घाईनें खरोखरच मोडतें. या दोहोंच्या मध्यें निदानाचा एक मार्ग आहे. तो सावकाशीचा आहे, परंतु फार खर्चाचा नाहीं.

महाराष्ट्रांत अशा झांकून ठेवलेल्या गाड्यांत फियाट आणि तिचेंच पुढचें रूप असलेली प्रीमियर पद्मिनी यांची संख्या बरीच आहे. १८८२ सालीं सोलापुरास जन्मलेले उद्योगपति वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली, आणि १९४७ सालीं कुर्ल्याच्या कारखान्यांतून मोटारी बाहेर पडूं लागल्या. पुढें इटलीच्या फियाट कंपनीच्या सहकार्यानें १९५४ पासून ११०० या नांवाची गाडी तेथें तयार होऊं लागली. १९७० नंतरच्या दशकांत तिला पद्मिनी हें नांव मिळालें. सन २००० च्या सुमारास तिचें उत्पादन थांबलें, आणि ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रस्त्यांवर ती टॅक्सी म्हणूनही दिसेनाशी झाली. म्हणजे जी गाडी आज भंगारांत जाईल, तिच्या जागीं नवी यावयाची नाहीं.

खेड्यांत यंत्रें जाणणाऱ्यांची वाण नसते. विहिरीवरचें ऑइल इंजिन आणि शेतांतला ट्रॅक्टर यांवर हात बसलेले कारागीर गांवोगांवीं आहेत. परंतु तीं यंत्रें डिझेलवर चालतात. त्यांत हवा इतकी दाबली जाते कीं तिच्याच उष्णतेनें तेल पेटतें. पेट्रोलच्या इंजिनाला दाब लागतोच, पण त्याशिवाय योग्य प्रमाणांत मिसळलेली हवा व पेट्रोल आणि योग्य क्षणीं पडणारी ठिणगी याही दोन गोष्टी लागतात. दाब, ठिणगी आणि इंधन या तिहींपैकीं एकाचाही अभाव असला तर गाडी सुरू होत नाहीं. म्हणून निदान करणारानें तिन्ही गोष्टी एकाच वेळीं हाताळूं नयेत. एक पाहावी, तिची खात्री करून घ्यावी, आणि मगच दुसरीकडे वळावें.

आरंभ डोळ्यांनीं करावा. झांकण उघडतांच प्रथम उंदरांचा माग काढावा. खरिपाचें पीक घरीं आलें कीं शेतांतले उंदीर आडोसा शोधीत येतात, आणि मोटारीचें इंजिन म्हणजे त्यांना आयतें बीळच. हवेच्या गाळणींत कापसाचीं व कडब्याचीं घरटीं सांपडतात, आणि विजेच्या तारांचें वेष्टण कुरतडलेलें असतें. अशी उघडी तार तशीच ठेवून बॅटरी जोडली, तर गाडी सुरू होण्याऐवजीं पेटण्याचा संभव अधिक. त्यानंतर तेलाची पट्टी काढून पाहावी. तेल दुधासारखें पांढुरकें दिसलें, तर त्यांत पाणी शिरलें आहे असें समजावें, आणि त्याचें कारण सांपडेपर्यंत पुढें जाऊं नये. तेल काळें असलें तरी बदलावेंच.

दुसरी पायरी दाबाची, आणि घाई करणारे नेमके येथेंच फसतात. मराठवाड्यांत उन्हाळा कडक असतो; सिलिंडरच्या भिंतींवरचें तेलाचें पातळ आवरण उतरून जातें. मागून पावसाळ्याची ओल येते, आणि कोरड्या पडलेल्या भिंतींवर गंज धरतो. दट्ट्याच्या कड्या त्या गंजाला चिकटून बसतात. अशा स्थितींत सेल्फ मारला किंवा जोराचा धक्का दिला तर कड्या तुटतात, भिंतींवर ओरखडे पडतात, आणि थोड्या तेलानें भागलें असतें तेथें सगळें इंजिन उतरविण्याची पाळी येते. यासाठीं चारही प्लग काढावे. तत्पूर्वीं त्यांच्या तारांना क्रमांकाच्या चिठ्ठ्या बांधाव्या, कारण या इंजिनांत ठिणगीचा क्रम एक, तीन, चार, दोन असा आहे, आणि तारांची अदलाबदल झाली तर धड इंजिनही सुरू होत नाहीं. प्रत्येक सिलिंडरमध्यें दोन चमचे इंजिनाचें तेल सोडावें आणि रात्रभर तसेंच राहूं द्यावें. दुसऱ्या दिवशीं गाडी सपाटीवर चौथ्या गिअरमध्यें घालून हलकेंच पुढेंमागें झुलवावी. इंजिन फिरलें तर मोठें संकट टळलें. न फिरलें तर बळ वाढवूं नये, तेल वाढवावें आणि आणखी दोनचार दिवस थांबावें.

इंजिन मोकळें झाल्यावर बॅटरीकडे वळावें. बारा व्होल्टची बॅटरी पूर्ण भरलेली असतां तिचें माप सुमारें १२.६ व्होल्ट भरतें. बाराच्या खालीं आली तर ती रिती होत आली असें समजावें. कित्येक महिने रिती राहिलेली बॅटरी बहुधा पुन्हां भरत नाहीं. तेथें नवीच घ्यावी. पुढचे दिवे लावून सेल्फ दाबल्यास पुष्कळ कळतें. दिवे एकदम विझले तर बॅटरी किंवा तिच्या टोकांवरील पांढरा थर दोषी असतो. दिवे तसेच प्रखर राहिले आणि आवाजच झाला नाहीं, तर वीज सेल्फपर्यंत पोंचतच नाहीं. प्लग बाहेर असतांनाच सेल्फवर इंजिन थोडा वेळ फिरवावें, म्हणजे सिलिंडरांतलें जादा तेल बाहेर पडतें आणि नवें तेल सर्व भागांत पोंचतें.

ठिणगीची परीक्षा पेट्रोल भरण्यापूर्वींच करावी, हें विसरूं नये. प्लगांच्या छिद्रांवर फडकें पसरून, एक प्लग तारेला लावून त्याचा धातूचा भाग छिद्रांपासून दूर इंजिनाला टेकवावा. ठिणगी निळसर व तडतडीत असली तर ठीक. पिंवळी आणि मलूल असली, अथवा मुळींच नसली, तर डेल्को उघडावा. बंद राहिलेल्या गाडींत बहुतेक वेळां अपराधी ठरतो तो पॉइंट. त्याच्या दोन टोकांवर ओलाव्यानें थर धरतो आणि वीज अडते. बारीक कानशीनें तो थर काढून टोकांतलें अंतर सुमारें अर्ध्या मिलिमीटरच्या आंत, गाडीच्या पुस्तकांत दिल्याप्रमाणें ठेवलें, तर कित्येक मृत समजलेल्या गाड्या तेवढ्यानेंच जाग्या होतात. डेल्कोच्या टोपणाला तडा किंवा आंतून ओल असली तरी ठिणगी भलतीकडेच पळते.

आतां इंधन. पेट्रोल हें धान्यासारखें साठवून टिकत नाहीं. त्यांतला लवकर पेटणारा भाग उडून जातो, आणि मागें डिंकासारखा चिकट साका उरतो. शिवाय २०२५ सालापर्यंत पेट्रोलांत मिसळावयाच्या इथेनॉलचें प्रमाण वीस टक्क्यांवर गेलें आहे. गोदावरीकांठच्या ज्या उसावर या भागाचा संसार चालतो, त्याच उसापासून हें द्रव्य निघतें. परंतु तें हवेंतील ओल शोषून घेतें आणि जुन्या जातीच्या रबरी नळ्या त्यानें फुगतात व चिरतात. म्हणून टाकी पूर्ण रिकामी करून धुवावी आणि नळ्या नव्या घालाव्या. एसी पंपाचा पडदा पाहावा. कार्बोरेटर उघडून जेट हवेच्या झोतानें साफ करावे. तार खुपसूं नये, तिनें छिद्र मोठें होतें. बाटलीनें कार्बोरेटरमध्यें पेट्रोल ओतीत सेल्फ मारण्याची जी रीत दिसते, ती सर्वथा टाकावी. इंजिनाचा एक उलटा भडका आणि हातांतली बाटली यांत वीतभरही अंतर नसतें.

एवढें झाल्यावर गाडी मोकळ्या हवेंत आणावी, कारण धुरांतला कार्बन मोनॉक्साइड बंद पडवींत माणसाचा जीव घेतो. रेडिएटरमध्यें पाणी भरावें, प्लग बसवावे, चोक ओढावा. सेल्फ एका वेळीं दहा सेकंदांपेक्षां अधिक दाबूं नये, आणि मध्यें मिनिटभर विसांवा द्यावा. आरंभीं निळसर धूर येईल. तो सिलिंडरांत राहिलेल्या तेलाचा असतो. तेलाच्या दाबाचा तांबडा दिवा मात्र कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. न विझल्यास इंजिन तत्काळ बंद करावें.

इंजिन बोलूं लागलें कीं मंडळी आनंदानें गाडींत चढतात, आणि खरा धोका तेथूनच सुरू होतो. ब्रेकचें तेलही ओल शोषितें, त्याचे सिलिंडर गंजतात, आणि टायर वरून धड दिसले तरी आंतून चिरलेले असतात. गाडी निघते, पण थांबत नाहीं. यासाठीं ब्रेकची दुरुस्ती झाल्यावांचून गाडी अंगणाबाहेर काढूं नये. पंधरा वर्षांपलीकडच्या गाडीच्या नोंदणीचें नूतनीकरणही व्हावयास हवें. पन्नास वर्षांहून जुनी आणि मूळ स्वरूपांत राखलेली गाडी असल्यास तिच्यासाठीं २०२१ सालीं केंद्र सरकारनें वेगळ्या नोंदणीचे नियम केले आहेत. मात्र तशी गाडी नित्याच्या वापरास नसते.

वैद्य नाडी पाहिल्यावांचून मात्रा देत नाहीं, आणि नाडी पाहण्यापूर्वीं रोग्याला मृतही ठरवीत नाहीं. पडवींतल्या मोटारीला याहून अधिक कांहीं नको असतें. तिच्यावर बळ न चालवितां, ज्याची पाळी असेल तोच प्रश्न तिला विचारला, तर बहुतेक वेळां ती स्वतःच उत्तर देते. आणि तपासाअंतीं यंत्र खरोखरच गेलें आहे असें ठरलें, तरी तो निर्णय पुराव्यानें झालेला असतो. मग जालन्याच्या वाटेला लागलेल्या गाडीबद्दल मागाहून हळहळण्याचें कारण उरत नाहीं.