अक्षर दिसलं, चल सापडलं का?



सातवीच्या प्रश्नपत्रिकेत एक प्रश्न ठरलेला असतो : ‘५क्ष + ७ या राशीतील चल, सहगुणक आणि स्थिर पद ओळखा.’ मुलं क्षभोवती गोल काढतात, पाचाखाली रेघ मारतात आणि पूर्ण गुण मिळवतात. क्ष म्हणजे काय याचा पत्ता नसला तरी हे जमतं. अक्षर हुडकायला डोळे पुरतात. चल ओळखायचं तर आधी विचारावं लागतं, की या प्रश्नात बदलतंय काय? हा प्रश्न आपल्या वर्गांमधून फारच थोड्या वेळा विचारला जातो, आणि आठवी-नववीत बीजगणिताची जी भीती बसते तिचं मूळ मला इथेच दिसतं.

सुरुवातच आपण चुकीची करून देतो. २अ + ३अ = ५अ कसं, तर ‘दोन आंबे आणि तीन आंबे मिळून पाच आंबे’. मुलांना चटकन पटतं, उत्तरही बरोबर येतं. पुढे २अ + ३क आलं की ‘आंबे आणि केळी, एकत्र करता येत नाहीत’. तेही निभावतं. मग एके दिवशी फळ्यावर अ × क येतं. आंबा गुणिले केळं म्हणजे काय? याला उत्तर नाही, कारण अ हा आंबा कधीच नव्हता. ती एक संख्या होती.

हा घोटाळा किती खोलवर रुततो ते पाहायचं असेल तर मुलांना हे गणित घाला. एक आंबा २० रुपयांना, एक केळं ५ रुपयांना. अ आंबे आणि क केळी घेतली, एकूण ९० रुपये झाले. समीकरण लिहा. पुष्कळ मुलं लिहितात : अ + क = ९०. आंबे आणि केळी मिळून नव्वद! त्यांना लगेच खोडू नका. ‘अ म्हणजे काय?’ एवढंच विचारा. ‘आंबा’ असं उत्तर येईल. ‘आंब्याचं काय? किंमत, वजन की नग?’ इथे वर्ग थांबतो, आणि थांबू द्यावा. ‘आंब्यांचे नग’ हे उत्तर एखाद्या मुलीच्या तोंडून आलं, की २०अ + ५क = ९० फार लांब राहत नाही. मग कोष्टक करायला सांगा. एक आंबा घेतला तर केळी चौदा, दोन घेतले तर दहा, तीनला सहा, चारला दोन. आंबा एकने वाढला की केळी चारने कमी होतात. वहीतली चार अंकांची ओळ खाली उतरताना मुलांना दिसते, तेव्हा ‘चल’ या शब्दाची ओळख खऱ्या अर्थाने होते.

हे आपल्याकडेच होतं असं नाही. इंग्लंडमध्ये संशोधक क्युखेमान यांनी तेरा ते पंधरा वर्षांच्या मुलांना निळ्या आणि तांबड्या पेन्सिलींचा अशाच धर्तीचा प्रश्न दिला होता. १९८१ मध्ये छापलेल्या मांडणीत त्यांनी अक्षर समजून घेण्याच्या सहा तऱ्हा सांगितल्या. अक्षराला वस्तू समजणं ही त्यातल्या खालच्या तऱ्हांपैकी एक, बदलती राशी समजणं ही सर्वांत वरची. त्याच वर्षी अमेरिकेतला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. एका प्राध्यापकामागे सहा विद्यार्थी, हे समीकरणात लिहायचं होतं. अभियांत्रिकीच्या पहिल्या वर्षातली एक-तृतीयांशाहून अधिक मुलं चुकली, आणि बहुतेकांनी सहाचा आकडा नेमका उलट्या बाजूला लावला. शाळेत राहिलेली फट तिथवर पोचते.

शिक्षकांना दोष देणं मात्र मला मान्य नाही. विषयच दोन पायऱ्यांचा आहे. भास्कराचार्यांच्या ‘बीजगणित’ या बाराव्या शतकातल्या ग्रंथात अज्ञात राशींना यावत्तावत्, कालक, नीलक, पीतक अशी नावं आहेत आणि या, का, नी ही त्यांची संक्षिप्त रूपं. ज्ञात संख्या मात्र अंकांतच. ज्ञात राशींनाही पद्धतशीर अक्षरं दिली ती फ्रान्समध्ये गणितज्ञ व्हिएतने, १५९१ मध्ये : अज्ञातांना स्वर, ज्ञातांना व्यंजनं. मधे चारशेहून जास्त वर्षं गेली. आपण मुलांना या दोन्ही पायऱ्या एका वर्षात चढायला लावतो.

दुसऱ्या पायरीसाठी घरचं वीजबिल चांगलं. त्यात ‘स्थिर आकार’ अशी एक ओळ असते; एक युनिट वापरलं नाही तरी ती रक्कम भरावीच लागते. बाकीचे आकार तूर्त बाजूला ठेवा, आणि बिलं शंभर युनिटांच्या आतलीच घ्या, कारण पुढे दराचा टप्पा बदलतो. स्थिर आकार स, युनिटचा दर द, वापरलेली युनिटं न. रक्कम झाली स + द × न. चल कोणतं? मुलं सांगतात, ‘तिन्ही, कारण तिन्ही अक्षरं आहेत.’ आता एकाच घराची लागोपाठची दोन बिलं शेजारी ठेवा. स तेवढाच, द तेवढाच, बदलला फक्त न आणि त्याच्याबरोबर रक्कम. मग प्रश्न फिरवा : दर वाढले, तर महिन्याला ८० युनिटं वापरणाऱ्या घराला किती जास्त द्यावे लागतील? आता न जागेवर बसला आणि द हलायला लागला. सूत्र तेच, चल दुसरं. वर्तुळाच्या सूत्रातला पाय तर अक्षर असूनही कधीच हलत नाही, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

प्रश्नपत्रिकेतला तो जुना प्रश्न काढून टाका, असं मी म्हणत नाही. प्रत्येक घटक चाचणीत त्याच्या जोडीला एक प्रश्न घाला : ‘या प्रसंगात काय बदलतं, काय तसंच राहतं आणि तुम्ही घेतलेलं अक्षर कशाची संख्या आहे, ते एका वाक्यात लिहा.’ साठ मुलांच्या वर्गात तपासायला वेळ लागेल, हे मला ठाऊक आहे. तरी एक वाक्यच तपासायचं आहे. ‘न म्हणजे वीज’ असं लिहिलं तर गुण नाही. ‘न म्हणजे त्या महिन्यात वापरलेल्या युनिटांची संख्या’ असं लिहिलं तर पूर्ण गुण द्या.