धूर दिसतो आहे. पहिल्यांदा उठायचे कोणी?

(संस्थेच्या वर्षावास प्रवचनमालेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



‘हवामान बदल आणि लोकमानस’ असा विषय आम्हाला देण्यात आला आहे. विषयाचे नाव ऐकताच मागच्या रांगेतील काही मंडळी घड्याळाकडे पाहू लागली. आम्ही त्यांना दोष देत नाही. एवढी मोठी गोष्ट कोणी सांगू लागला की माणसे घड्याळाकडे का पाहतात, हाच आमच्या आजच्या भाषणाचा विषय आहे.

प्रथम मूळ गोष्ट थोडक्यात सांगतो. कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळल्याने कार्बन डायऑक्साइड वायू हवेत साठतो आणि पृथ्वीची उष्णता अडवून धरतो. कारखानदारीच्या आधी हवेच्या दहा लाख भागांत तो सुमारे २८० भाग होता. आज तो ४२० च्या पुढे गेला आहे. २०२४ हे वर्ष नोंदी ठेवल्यापासूनचे सर्वांत उष्ण वर्ष ठरले. हवा तापली की ती अधिक बाष्प धरते. म्हणून पाऊस पडतो तेव्हा कोसळतो आणि नाही पडत तेव्हा जमीन अधिक वेगाने सुकते. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, आणि एप्रिल २०१६ मध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी न्यावे लागले. प्रत्येक आपत्तीचे एकच कारण नसते. नियोजनातील चुकाही त्यात असतात. परंतु अशा आपत्तींचे बळ वाढते आहे, याविषयी शास्त्रज्ञांत दुमत नाही.

मग लोकांना हे कळत नाही का? अमेरिकेतील येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०२१-२२ मध्ये भारतात पाहणी केली. जागतिक तापमानवाढीविषयी फार थोडे ठाऊक आहे किंवा काहीच ऐकलेले नाही, असे ५४ टक्के लोकांनी सांगितले. त्यानंतर दोन-चार सोप्या वाक्यांत अर्थ समजावून विचारले, तेव्हा ८४ टक्के लोक म्हणाले, होय, हे घडते आहे. याचा अर्थ असा की अनुभव लोकांजवळ होताच. पत्र्याच्या खोलीत मे महिन्याची रात्र काढणाऱ्या माउलीला उष्णता शिकवावी लागत नाही. परका होता तो शब्द.

तथागतांनी हे अडीच हजार वर्षांपूर्वी ओळखले होते. दोन भिक्खूंनी बुद्धवचन छंदस् भाषेत घालण्याची परवानगी मागितली, तेव्हा ती नाकारून लोकांच्या आपापल्या बोलीत धम्म शिकण्याची अनुज्ञा त्यांनी दिली. आळवी नगरातील शेतकऱ्याची कथाही आपणास ठाऊक असेल. हरवलेला बैल शोधून तो उपाशीपोटी प्रवचनाला आला. तथागतांनी आधी त्याला जेवू घालायला सांगितले आणि मगच धम्म सांगितला. श्रोत्याची भूक न पाहता केलेला उपदेश वाऱ्यावर जातो. ज्याच्या घरी टँकर आलेला नाही, त्याच्याशी बोलणे टँकरपासूनच सुरू केले पाहिजे. ध्रुवावरच्या बर्फाची गोष्ट नंतर सांगता येईल.

पण कळले म्हणजे माणूस उठतोच असे नाही. बाबासाहेब ज्या कोलंबिया विद्यापीठात शिकले, तेथील विद्यार्थ्यांवर लाताने आणि डार्ली या दोन मानसशास्त्रज्ञांनी केलेला प्रयोग १९६८ मध्ये प्रसिद्ध झाला. विद्यार्थी खोलीत बसून एक प्रश्नावली भरत असताना भिंतीतील झरोक्यातून धूर सोडला जाई. विद्यार्थी एकटा असेल तर शंभरात पंचाहत्तर जण बाहेर जाऊन सांगत. पण आधीच शिकवून ठेवलेली दोन माणसे शेजारी स्वस्थ बसलेली असली, तर दहांतला एकच उठे. बाकीचे डोळे चोळत, खोकत, धूर हाताने बाजूला सारत कागद भरत राहिले! ‘हे दोघे शांत आहेत, म्हणजे विशेष काही नसावे,’ असा अर्थ त्यांनी लावला.

बंधू-भगिनींनो, आज आपली सर्वांची अवस्था त्या खोलीसारखी आहे. मी तुमच्याकडे पाहतो, तुम्ही माझ्याकडे पाहता, आणि दोघेही समजतो की काळजीचे कारण नसावे.

आम्ही बँकेच्या काउंटरवर बसणारी माणसे. वर्षाला २० रुपयांत २ लाखांचा अपघात विमा मिळतो, हा फलक आमच्या मागे भिंतीवर होता. महिनोन् महिने कोणी विचारले नाही. एका वस्तीतील विधवा भगिनीला ती रक्कम मिळाली आणि पुढच्या आठवड्यात त्याच वस्तीतून फॉर्मसाठी रांग लागली. फलकावरचा मजकूर तोच होता. शेजारणीने केले, एवढाच फरक पडला.

दुसरी अडचण भीतीची. वृत्तपत्रे व दूरचित्रवाणी प्रलयाची चित्रे दाखवितात आणि थांबतात. उपाय न सांगता नुसती भीती घातली, तर माणूस संकटाकडे पाठ फिरवतो, असे मानसशास्त्र सांगते. आपल्याला याचे नवल वाटू नये. तथागतांनी दुःख आहे एवढेच सांगून सभा उठवली नाही. दुःखाचे कारण, दुःखाचा निरोध आणि निरोधाचा मार्ग अशी चारही आर्यसत्ये सांगितली. हवामानाविषयीचे बहुतेक बोलणे पहिल्या सत्यावर अडकले आहे. ते चौथ्यापर्यंत नेणे हे आपले काम आहे.

तसे नेता येते. मे २०१० मध्ये अहमदाबादचे तापमान ४६.८ अंशांवर गेले. त्या महिन्यात नेहमीपेक्षा १३४४ मृत्यू अधिक झाल्याचे अभ्यासात आढळले. तेथील महापालिकेने अभ्यासकांबरोबर बसून २०१३ मध्ये उष्णता कृती आराखडा तयार केला. उष्म्याची पूर्वसूचना, साध्या रंगांचे इशारे, दवाखान्यांतील कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, पिण्याच्या पाण्याची सोय असे त्याचे स्वरूप. पुढे पुष्कळ शहरांनी तो कित्ता गिरविला. तेथे लोकांना केवळ ‘पृथ्वी तापते आहे’ असे सांगितले नाही; ‘उद्या ऊन कडक आहे, दुपारी हे करा, हे टाळा’ असे सांगितले.

कोणी म्हणेल, धूर सोडला श्रीमंतांनी, मग आम्ही का उठावे? प्रश्न रास्त आहे. भारतीय माणसामागे होणारे उत्सर्जन जगाच्या सरासरीच्या निम्म्याच्या आसपास आहे. त्यातही सफाई कामगार, शेतमजूर, नाक्यावरचा हमाल यांचा वाटा तो किती? म्हणून आपल्या माणसांना अपराधी ठरवून बोलू नये. ज्याने गाडी कधी घेतलीच नाही, त्याला गाडी कमी वापरा असे काय सांगायचे? त्याला सांगायचे ते हे, की सावली, पाणी आणि दुपारची विश्रांती हा तुझा हक्क आहे, तो माग. ज्यांच्या घरी गाडी आणि वातानुकूलन आले आहे अशा आमच्यासारख्या नोकरदारांनी मात्र स्वतःचा हिशेबही तपासावा.

येथे महाडची आठवण होते. सार्वजनिक पाणवठे खुले करण्याचा बोले ठराव १९२३ मध्ये झाला होता. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये तळे खुले केल्याचा ठराव केला होता. ठराव कागदावर होता, पाणी ओंजळीत नव्हते. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब चवदार तळ्यावर गेले, पाणी प्याले, आणि मग हजारोंचे हात पाण्यात गेले. हक्क ठाऊक असूनही कोणीतरी सर्वांदेखत पहिली ओंजळ भरावी लागते.

आपल्या संस्थेची पहिली ओंजळ कोणती? १४ एप्रिल ऐन उन्हाळ्यात येतो. १६ एप्रिल २०२३ रोजी खारघर येथे भर उन्हात, उघड्या मैदानावर झालेल्या कार्यक्रमानंतर १४ जणांचे प्राण गेले. जयंतीला येणारी आपली म्हातारी माणसे आणि लहान मुले तशाच उन्हात उभी असतात. म्हणून आम्ही चार गोष्टी सुचवितो. जयंतीची मिरवणूक सूर्यास्तानंतरच निघावी आणि वाटेवर पाण्याची सोय असावी. विहाराच्या गच्चीला उन्हाळ्यापूर्वी पांढरा चुना द्यावा. त्याने खालची खोली किती थंड होते, ते वस्तीने हात लावून पाहावे. विद्यार्थ्यांनी आपापल्या गल्लीतील एकट्या राहणाऱ्या वृद्धांची यादी करून कडक उन्हाच्या दिवशी त्यांची विचारपूस करावी. आणि आपल्या नगरपालिकेकडे उष्णता आराखड्याची लेखी मागणी संस्थेच्या शिक्क्यानिशी जावी. पहिल्या तीन कामांनी जग थंड होणार नाही, हे आम्हाला समजते. पण त्यांनी माणसे वाचतील. आणि शेजारी उठला हे पाहून जी वस्ती उठेल, ती चौथी मागणीही नेटाने करील व पुढच्या मोठ्या मागण्याही करील.

विद्यार्थी मित्रहो, आज घरी गेल्यावर आईवडिलांना व्याख्यान देऊ नका. आजीला एवढेच विचारा, “तुझ्या लहानपणी पाऊस कसा यायचा?” ती बोलू लागेल. तिचे पूर्ण ऐकून घ्या, आणि मग गच्चीच्या चुन्याची गोष्ट काढा.

खोलीत धूर येतो आहे. शेजारी बसला आहे म्हणून आपण बसू नये. आपण उठलो, तर तोही उठेल.

जयभीम! नमो बुद्धाय!