ऊंपा-लूंपाचा पगार किती?

(वस्तीतल्या वाचनालयात मुलांना सिनेमा दाखवल्यानंतरच्या बैठकीत केलेलं भाषण. बोललो तसंच ठेवलंय, थोडं नीट करून.)

गेल्या रविवारी आपण याच भिंतीवर चादर ताणून पोरांना सिनेमा दाखवला. 'चार्ली अँड द चॉकलेट फॅक्टरी'. टिम बर्टनचा, २००५ सालचा. पोरं खूष. चॉकलेटची नदी आली तेव्हा पुढची दोन बारकी पोरं उठून चादरीला हात लावायला गेली. सिनेमा संपला, खाऊ वाटला, आणि आठवीतली एक पोरगी उभी राहिली. म्हणाली, "दादा, त्या छोट्या लोकांचा पगार किती?"

सगळे हसले. मीही हसलो. पण घरी गेल्यावर झोप लागेना. हा सिनेमा मी चारदा बघितलाय. रोआल्ड डालचं पुस्तकही वाचलंय. मला हा प्रश्न एकदाही पडला नव्हता. आणि माझी आई अकरा वर्षं गोळ्या-चॉकलेटच्या कारखान्यात पॅकिंगला होती, कंत्राटी. दिवाळीला बोनस मागितला की मुकादम तुटक्या गोळ्यांचा पुडा हातावर ठेवायचा. आम्ही भावंडं नाचायचो. आई नाचायची नाही. हे सगळं डोळ्यांनी बघितलेला माणूस मी, आणि माझं लक्ष मात्र नदीकडे. म्हणून आज बोलतोय. त्या पोरीला उत्तर द्यायचंय.

उत्तर सरळ आहे. पगार नाही. कोकोच्या बिया मिळतात.

डालचं पुस्तक १९६४ साली अमेरिकेत निघालं. त्यातला विली वोंका हा जगातला सगळ्यात मोठा चॉकलेटवाला. त्याच्या कारखान्यात गावातले कामगार होते. त्यांच्यात हेर घुसले, कृती चोरीला जायला लागल्या, तर या पठ्ठ्यानं सगळ्यांना एका दिवसात घरी बसवलं. चोर थोडे, पण घरी सगळे. गिरणगावातल्या माणसाला हे समजावून सांगायला नको. मग एक दिवस धुराड्यातून पुन्हा धूर निघाला. फाटक बंदच. आत कोण जात नाही, बाहेर कोण येत नाही. काम करतं कोण?

आज तुम्ही जे पुस्तक विकत घ्याल त्यात ऊंपा-लूंपा हे लूंपालँड नावाच्या काल्पनिक देशातले. पण १९६४ च्या प्रतीत ते आफ्रिकेच्या जंगलातले काळे पिग्मी होते. वोंका त्यांना भोकं पाडलेल्या खोक्यांत भरून जहाजानं आणतो. सगळी जमातच्या जमात. मजुरी म्हणून कोकोच्या बिया. नवीन माल पहिल्यांदा त्यांच्यावरच तपासायचा. च्युइंगगम वीस जणांना चघळायला दिलं, वीसच्या वीस फुगून निळी बोरं झाले. एका म्हाताऱ्याला हवेत उडवणारं पेय पाजलं, तो वर वर गेला आणि दिसेनासा झाला. वोंका हे गमतीनं सांगतो, आणि वाचणारं पोरगं हसतं.

डाल हा काही अडाणी माणूस नव्हता. शेल कंपनीच्या नोकरीत तो १९३८ साली टांगानिकात गेला, दार-ए-सलामला राहिला, दिमतीला काळे नोकर. आफ्रिका त्यानं बंगल्याच्या व्हरांड्यातून बघितली होती. त्याच्या आधी रेप्टनच्या शाळेत असताना कॅडबरी कंपनी पोरांना नव्या चॉकलेटांचे डबे चव घेऊन मार्क द्यायला पाठवायची, हे त्यानंच 'बॉय' या आठवणींच्या पुस्तकात लिहिलंय. म्हणजे साहेबाच्या पोरानं चव घेतली तर मार्क देणारा परीक्षक, ऊंपा-लूंपानं घेतली तर निळं बोर.

आता सिनेमाकडे येऊ. पहिला सिनेमा १९७१ सालचा, मेल स्टुअर्टचा, जीन वाइल्डर वोंका. पैसा क्वेकर ओट्स कंपनीचा, कारण तिला वोंकाच्या नावाचं चॉकलेट बाजारात आणायचं होतं. सिनेमा निघतोय म्हटल्यावर अमेरिकेतल्या काळ्या लोकांच्या एन.ए.ए.सी.पी. या संघटनेनं हरकत घेतली. खोक्यात भरून आणलेले काळे लोक, आनंदानं राबणारे, ही गुलामगिरीच आहे, ती पोरांना गोड करून का दाखवता? प्रश्न रास्त होता. सिनेमावाल्यांनी काय केलं? ऊंपा-लूंपांच्या तोंडाला नारिंगी रंग फासला, केस हिरवे केले. झालं काम. १९७३ साली डालनंही पुस्तक बदललं. आता ते गोरे-गुलाबी, सोनेरी-तपकिरी केसांचे झाले.

मित्रांनो, इथं नीट बघा. हरकत होती गुलामीला, बदलली कातडी. खोकी तशीच, बिया तशाच, बंद फाटक तसंच. रंग काढल्यावर गुलामी दिसेनाशी झाली आणि सगळ्यांना बरं वाटलं. २०२३ साली प्रकाशकांनी आणखी हात फिरवला. 'छोटे पुरुष' होते ते 'छोटी माणसं' केले. शब्द सुधारला, मजुरी सुधारायचं कुणाला सुचलं नाही.

आणखी एक गोष्ट. डालच्या बायकोनं २०१७ साली बीबीसीवर सांगितलं की सुरुवातीला चार्लीच काळा पोरगा होता. एजंटनं नको म्हटलं म्हणून तो गोरा झाला. म्हणजे काळा पोरगा नायक म्हणून चालला नाही, पण काळी जमात मजूर म्हणून नऊ वर्षं सुखानं चालली.

आता बर्टनचा सिनेमा, जो आपण दाखवला. यातला वोंका, जॉनी डेप, टोपी घालून, हातात कोयता घेऊन जंगलात शिरतो. तिथले लोक झाडावर राहतात, हिरव्या अळ्यांचा रगडा खातात. तो सरदाराला खाणाखुणा करून बियांचं आमिष दाखवतो, सरदार मान हलवतो, आणि पुढच्या क्षणी जमात कारखान्यात. जंगलात आलेला साहेब, खूण, अंगठा आणि बोट हा इतिहास आपल्या देशातून गिरमिटात गेलेल्या मजुरांना पाठ आहे.

या सिनेमात सगळे ऊंपा-लूंपा एकाच नटानं केलेत. दीप रॉय. हा भारतीय कुटुंबातला माणूस, जन्म नैरोबीचा. माणूस एक, कॉम्प्युटरनं केला शेकडा. नट म्हणून त्यानं कमाल केलीय, त्याला सलाम. पण दिग्दर्शकाची नजर बघा. मालकाच्या खिडकीतून बघितलं की सगळे कामगार सारखेच दिसतात. नाव ऐकू येतं एकीचं, ऑफिसातल्या डॉरिसचं, तेही हशा पिकवायला. मालकाला मात्र भूतकाळ आहे, मन आहे, दुखणं आहे. काय दुखणं? बाप दातांचा डॉक्टर, त्यानं लहानपणी चॉकलेट खाऊ दिलं नाही! पुस्तकात नसलेला हा बाप सिनेमानं मुद्दाम घातलाय. शेवटी बापलेक गळ्यात पडतात आणि आपण डोळे पुसतो. ज्याची अख्खी जमात उठवून आणली त्याचं दुखणं विचारायला दोन मिनिटं मिळत नाहीत.

सिनेमात खरं काहीच नाही असं नाही. चार्लीचं घर खरं आहे. कोबीचं पाणीदार सूप, एका खाटेवर चार म्हातारी माणसं, छपराला भोक. म्हणून तर तो आपला वाटतो. बाप टूथपेस्टच्या ट्यूबला झाकणं लावतो. लोक चॉकलेट जास्त खातात, दात किडतात, टूथपेस्ट खपते, कारखान्याकडे पैसा येतो, त्या पैशानं मशीन घेतात, आणि बापाची नोकरी जाते. भांडवलशाहीचा धडा बर्टननं अर्ध्या मिनिटात शिकवलाय. आजोबा तर वोंकाच्याच कारखान्यातून काढलेला कामगार. मग हाच म्हातारा सोनेरी तिकीट आल्यावर खाटेवरून उडी मारून नाचत फाटकात जातो आणि मालकाला विचारत नाही की बाबा, मला का काढलंस?

शेवटी गरीब पोराला काय मिळतं? कारखाना. ऊंपा-लूंपांसकट. त्यांना कुणी विचारत नाही की नवा मालक चालेल का. आपल्या पोरांना विकलेलं स्वप्न हे आहे. व्यवस्था बदलू नका, तिकीट शोधा. पाच तिकिटं आहेत, एक तुमच्या नशिबात असेल. आणि तिकीट लागलेले आपल्यातलेही आहेत बरं का. कालपर्यंत आपल्याबरोबर झाडू मारणारा आज कंत्राट घेतो आणि आपल्याच माणसाची हजेरी कापतो. तो चार्लीच आहे.

कुणी म्हणेल, पोरांची गोष्ट, एवढी चिरफाड कशाला, ते लोक खूष आहेत, गातात, नाचतात. हे वाक्य आपल्या बापजाद्यांनी ऐकलंय. गावकीची कामं रात्रंदिवस, आणि हातावर काय, तर धान्य आणि शिळी भाकर. त्यालाही हक्क म्हणायचे, मान म्हणायचे. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात महार वतनावर बिल मांडलं, आणि ते वतन जायला १९५८ चा कायदा यावा लागला. पैशाऐवजी खाण्याची वस्तू मिळायला लागली की माणूस कामगार राहत नाही, पोसलेला होतो. माझ्या आईला हे पुड्यावरून कळलं होतं.

आणि कोको आजही गोड नाही. जगातला निम्म्याहून जास्त कोको आयव्हरी कोस्ट आणि घाना या दोन देशांतून येतो. बालमजुरी संपवू असं मोठ्या कंपन्यांनी २००१ साली लिहून दिलं. २०२० साली शिकागो विद्यापीठाशी जोडलेल्या संस्थेचा अहवाल आला, या दोन देशांत कोकोच्या कामात राबणारी मुलं सुमारे १५ लाख ६० हजार. वोंकाच्या बिया कुठून येतात हे विचारायला कल्पनाशक्ती लागत नाही.

मग सिनेमा बंद करायचा? मुळीच नाही. पुढच्या महिन्यात पुन्हा दाखवू. फक्त या वेळी पोरांना एक काम द्या. शेवटचा प्रसंग नीट ऐका म्हणावं. पहिल्यापासून गोष्ट सांगणारा जो आवाज आहे, त्रिनिदादच्या जेफ्री होल्डरचा भारदस्त आवाज, तो कुणाचा हे अगदी शेवटी कळतं. तो एका ऊंपा-लूंपाचा. म्हणजे गोष्ट तोच सांगत होता. चार्लीची सांगितली, मालकाची सांगितली, मालकाच्या बापाची सांगितली. स्वतःची नाही.

आपल्याकडे १९७८ साली दया पवारांनी स्वतःची गोष्ट सांगितली आणि पुस्तकाला नाव दिलं 'बलुतं'. हातावर पडलेल्या दाण्यांचं नाव. तसं ऊंपा-लूंपाचं पुस्तक अजून लिहिलेलं नाही. आठवीतल्या त्या पोरीला मी वही दिलीय. खोकं जहाजात चढवलं तेव्हा आत काय वाटलं, हवेत उडालेल्या म्हाताऱ्याचं नाव काय होतं, त्याच्या घरी कोण होतं, हे तिनं लिहायचंय. पुढच्या अंकात छापू.

जयभीम.