आईबापांची खोली आणि तिचा हिशेब



आजचा विषय घरगुती आहे. पण जो हिशेब चुलीपर्यंत पोचत नाही तो पुरा नव्हे, हे मी कामगार चळवळीतच शिकलो. माझे शिक्षण पगाराच्या चिठ्ठ्या आणि कायद्याची पुस्तके वाचून झाले. तेव्हा आकड्यांतच बोलतो.

सोनई किंवा भेंड्याच्या साखर कारखान्यातला एखादा कामगार घ्या. आईबाप थकले, त्यांना वस्तीवर एकटे ठेववत नाही. दोन खोल्यांना तिसरी जोडावयाची, शेजारी संडास, उंबरा ठेंगणा. खर्च तीन लाख धरू. पैसा आणावयाचा कोठून?

महिना शेकडा तीन व्याजाने पैसा संध्याकाळपर्यंत हातात पडतो. मग दरमहा ९,००० रुपये नुसते व्याज! पाच वर्षांत ५,४०,००० रुपये जातात आणि मुद्दल जागच्या जागी राहते. शिवाय परवान्याशिवाय सावकारी करणे हा २०१४ च्या कायद्याने गुन्हा आहे. तीच रक्कम पतपेढीतून किंवा बँकेतून वर्षाला शेकडा नऊ दराने मिळाली, तर पाच वर्षे सुमारे ६,२३० रुपयांचा हप्ता पडतो. एकूण भरणा सुमारे ३,७४,००० आणि कर्ज फिटते. दहा वर्षांची मुदत घेतली तर हप्ता ३,८०० वर येतो, पण भरणा ४,५६,००० वर जातो. आपल्या बाजारात बैल घेताना आपण दात पाहतो, चालवून पाहतो. कर्जही तसेच पारखावे.

दुसरा मार्ग भविष्यनिर्वाह निधीचा. १९५२ च्या कायद्याने उभा राहिलेला हा निधी. घराच्या कामासाठी त्यातून पैसा काढता येतो आणि तो परत भरावा लागत नाही. म्हणूनच हात आखडता ठेवा! तो पैसा म्हणजे तुमचे स्वतःचे म्हातारपण आहे. आज तो सगळा भिंतीत घातलात, तर उद्या तुमच्यासाठी खोली बांधण्याचे ओझे तुमच्या मुलावर पडेल. काही निधीतून, काही पतपेढीतून, अशी वाटणी बरी.

तिसरा मार्ग मात्र मला खुपतो. खोलीचा मोबदला म्हणून वडिलांच्या सातबाऱ्यावर आपले नाव चढवून घ्यावयाचे! ज्याच्या नावे काही उरले नाही, त्याला दुसरा पेला चहा मागतानाही संकोच वाटतो. वडीलधाऱ्यांनो, बक्षीसपत्र करावयाचेच असेल, तर सांभाळाची अट त्यातच लिहून घ्या. अट मोडली, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते रद्द करून घेण्यासाठी प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणाकडे जाता येते.

कारखान्यात आपण पेन्शन हक्क म्हणून मागतो, भीक म्हणून नव्हे. घरातली खोलीही आईबापांना तशीच मिळाली पाहिजे. त्यांच्या कष्टांची ती थकबाकी आहे आणि ती फेडताना पावती मागावयाची नसते.