परदेशी काम आणि आपला 'होकार'

मुंबईत अंधेरी येथे १९७३ मध्ये सीप्झ हे निर्यात क्षेत्र स्थापन झाले. परदेशी ग्राहकांसाठी येथेच बसून संगणक प्रणाली लिहिण्याचा व्यवसाय त्यानंतर मुंबई-पुण्यात चांगलाच विस्तारला. या व्यवसायातील पुष्कळ तंटे 'हो' या एका शब्दापाशी सुरू होतात.

जपानी ग्राहक 'हाय' म्हणतो, तेव्हा अनेकदा 'ऐकले' एवढाच त्याचा अर्थ असतो. मान्यता त्यात असेलच असे नाही. इकडे आपला तरुण अभियंता वडीलधाऱ्यांना 'नाही' म्हणू नये, या संस्कारात वाढलेला. मुदत अशक्य दिसत असूनही तो 'प्रयत्न करतो' म्हणतो. जर्मन व्यवस्थापक ते वचन समजून टिपून ठेवतो आणि महिनाअखेर दोघेही स्वतःला फसविले गेलेले मानतात. लबाडी कोणाचीच नसते. 'हे या मुदतीत होणार नाही', असे आदराने सांगण्याची सवय खरे तर शाळेतच लागावयास हवी. उपस्थित शिक्षकांनी याचा जरूर विचार करावा.

तारखांचेही तसेच. ३/४ म्हणजे आपल्याकडे ३ एप्रिल, अमेरिकेत ४ मार्च! महिन्याचे नाव अक्षरांत लिहिले की प्रश्न मिटतो.

बैठकीत ठरलेले त्याच दिवशी लिहून पाठवावे आणि दुसऱ्या पक्षाकडून ते त्याच्या शब्दांत परत वदवून घ्यावे. जपानी कामांवर दोन्ही भाषा व दोन्हीकडच्या रीती जाणणारा 'ब्रिज' अभियंता नेमण्याची पद्धत आहे. टोकियोत सकाळचे नऊ वाजतात तेव्हा पुण्यात साडेपाच झालेले असतात. पुण्यातून काम पाहणाऱ्या अशा अभियंत्याला म्हणूनच लवकर उठावे लागते.